दातात दोरा घालायची सवय कशी लावायची : सारखे विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच सांगून टाकतो, मी डेंटिस्ट नाही. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो. माझं क्वालिफिकेशन एवढंच की दोन दाढांच्या मधोमध कीड लागून एक रूट कॅनल झालंय, वरून बघितलं तर दाढ चकाचक होती आणि एक्स-रे काढल्यावर आतला खड्डा दिसला, तेव्हापासून मी फ्लॉस करायला लागलो. आता भावकीत, पेढीवर, बायकोच्या माहेरी कुठंही गेलो की कोणीतरी विचारतंच, आणि सगळे तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

फ्लॉस फ्लॉस म्हणतात ते नेमकं काय असतंय?

बारीक दोरा. बहुतेक वेळा नायलॉनचा, वरून मेण लावलेला, काडेपेटीएवढ्या डबीत गुंडाळलेला. डबीच्या तोंडाशी पत्र्याचं छोटं दातरं असतंय, त्यावर ओढला की तुटतो. दोन दातांच्या फटीत घालायचा आणि तिथं साचलेलं पुसून काढायचं, बास. लोकांना वाटतं हे हल्लीचं फॅड आहे, पण अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा लेव्ही स्पिअर पार्म्ली म्हणून एक डेंटिस्ट होता, त्यानं १८१९ सालीच लिहून ठेवलंय की मेण लावलेला रेशमी दोरा दातांच्या मधून फिरवा. १८१९ म्हणजे आपल्याकडं पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालेलं, साताऱ्याला प्रतापसिंह महाराज आणि इंग्रजांचा तह झाला तेच साल. पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रेशीम जाऊन नायलॉन आलं, कारण रेशमाचे तंतू सुटतात आणि नायलॉन सहसा फाटत नाही.

मी दोन वेळा ब्रश करतो, मग हे अजून कशाला?

दाताला पाच बाजू असतात. बाहेरची, आतली, वरची चावायची, आणि शेजारच्या दातांना चिकटलेल्या दोन. ब्रश पहिल्या तीन बाजूंना पोचतो. उरलेल्या दोन तशाच राहतात, ब्रश तीनशे रुपयांचा असू दे नाहीतर बॅटरीवर चालणारा.

आमच्या गोडाऊनचं उदाहरण देतो. हळदीची पोती थप्पीला लावलेली असतात, रोज झाडू मारतो, जमीन एकदम स्वच्छ, आणि थप्पी हलवली की दोन पोत्यांच्या मधून जी धूळ निघते ती बघून मालक आपल्याकडं बघतात. दातांचं डिट्टो तसंच आहे, फक्त इथं थप्पी हलवता येत नाही म्हणून मधून दोरा घालायचा.

आणि तिथं नुसतं अन्न अडकत नाही. जंतूंचा एक पांढरट चिकट थर असतो, त्याला प्लाक म्हणतात, तो रोज नव्यानं बसतो. तो मऊ आहे तोवर दोऱ्यानं निघतो, पण एक-दोन दिवस तसाच ठेवला की लाळेतल्या क्षारांनी हळूहळू घट्ट होत त्याचं किटण व्हायला लागतं, आणि एकदा किटण झालं की दवाखान्यात मशीननंच काढावं लागतं. म्हणून चोवीस तासातनं एकदा हा हिशेब आहे. दिवसातून तीनदा करायची गरज नाही.

आमच्या आज्यानं आयुष्यात कधी दोरा घातला नाही, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचा, त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि प्रत्येकाकडं एक असा आजा असतोच. पण आजीला किती दात होते ते विचारलं की गप्प बसतात. ज्याचे दात टिकले त्याची गोष्ट घरात सांगितली जाते, ज्याचे पन्नाशीत पडले त्याला भाकरी दुधात कुस्करून द्यायचे आणि त्यात सांगण्यासारखं काय आहे. दुसरं म्हणजे त्या आज्याच्या तोंडात दिवसभर बिस्कीट, फरसाण, चहात साखर, परत चहा असं चालू नव्हतं. आणि तिसरं, जुन्या लोकांकडं कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात चांदीचं दातकोरणं आणि कानकोरणं असायचं की नाही? माझ्या पणजीचं अजून कपाटात आहे. म्हणजे फटीत अडकतंय आणि ते काढायला लागतंय हे त्यांना माहीत होतंच.

मग दातकोरणं, टूथपिक, टाचणी, शिवणाचा दोरा यानं नाही का चालत?

टूथपिकनं अडकलेला कण निघतो, थर निघत नाही. टाचणी, सेफ्टी पिन, खराट्याची काडी, काडेपेटीची काडी हे सगळं बंद करा, हिरडीला टोचलं की तिथं गळू होऊन बसेल. शिवणाचा दोरा मी करून बघितलाय, घट्ट फटीत जातच नाही, जोर लावला की खाडकन खाली जाऊन हिरडी कापतो आणि वर त्यातला अर्धा तुटून आतच राहतो, मग तो काढायला फ्लॉस शोधत बसा.

कोणता घ्यायचा, कुठं मिळतो, केवढ्याला पडतो?

मेडिकलमध्ये मागा. हरभट रोडला, विश्रामबागला, मिरजेत तर दवाखाने आणि मेडिकल यांचीच वस्ती आहे, कुठंही मिळेल, समोर मांडलेलं नसतं म्हणून नाही असं समजू नका. सुरुवातीला मेण लावलेलाच घ्या, सरकन जातो. दात खूपच चिकटून असतील तर चपटी टेप मिळते ती घ्या. मिंटचा वास असला नसला तरी फरक काही नाही.

मला पन्नास मीटरची डबी दीडशेच्या आसपास पडते. रोज पंचेचाळीस सेंटिमीटर लागतो, म्हणजे एक डबी १११ दिवस, म्हणजे दिवसाला सव्वा-दीड रुपया. एक कट चहाच्या पैशात आठवडा निघतो. हा आकडा लक्षात ठेवा, १११, पुढं लागणार आहे.

धनुष्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या काड्या पण मिळतात, पुढं दोरा ताणून बसवलेल्या. महाग पडतात, आणि दाताभोवती दोरा नीट वळत नाही, पण ज्यांना बोटं तोंडात घालायला जमतच नाही, किंवा संधिवातानं बोटं वळत नाहीत, त्यांनी बिनधास्त त्याच वापराव्यात. न करण्यापेक्षा लाख पटीनं बरं.

दोरा धरायचा कसा? मला तर नुसता गुंता होतो.

पहिल्या रात्री माझापण झाला. बेसिनसमोर उभा राहून दोन्ही तर्जन्यांना दोरा असा करकचून गुंडाळला की बोटांची टोकं जांभळी पडली, तोंडात चार बोटं, लाळ कोपरापर्यंत ओघळलेली, दोरा कुठल्या दाढेत अडकलाय ते दिसेना, आणि बाहेरून बायको म्हणते, "अहो, आत काय झोपलाय का?" उत्तर पण देता येईना. तर तुमचं असं होऊ नये म्हणून सावकाश सांगतो.

लांबी किती? एक हात. आपल्याकडं कापड मोजायचे तो हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. फूटपट्टी शोधायची गरज नाही, डबी कोपराशी धरा आणि बोटाच्या टोकापर्यंत ओढा. कमी घेऊ नका, सगळ्या गुंत्याचं मूळ तोकडा दोरा हेच आहे.

आता बहुतेक दोरा एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा आणि उरलेलं टोक दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला दोन वेढे. मधल्या बोटाला, तर्जनीला नाही, ही माझी पहिल्या दिवसाची चूक. त्यामुळं अंगठा आणि तर्जनी मोकळी राहतात, त्यांनी दोरा चिमटीत धरायचा, मधे इंचभरच ताणलेला ठेवायचा.

मग करवतीसारखा हलका मागं-पुढं करत फटीतनं खाली न्यायचा. दाबायचा नाही. दाबला की खट्‌ करून बसतो हिरडीवर आणि डोळ्यात पाणी. खाली पोचला की दोरा एका दाताला बिलगवायचा, अर्धचंद्रासारखा वळला पाहिजे, आणि हिरडीच्या कडेच्या किंचित आत जाऊन वर-खाली, वर-खाली, तीन-चार वेळा. मग त्याच फटीत शेजारच्या दाताला बिलगवायचा, परत तसंच. बरेच जण दोरा नुसता फटीत घालून काढतात, ते म्हणजे पोत्यांच्या मधून झाडू नुसता फिरवून आणल्यासारखं झालं, भिंतीला लागलाच नाही. दाताला घासला पाहिजे.

पुढच्या फटीला जाताना एका बोटावरचा सोडायचा, दुसऱ्यावर गुंडाळायचा, म्हणजे प्रत्येक फटीला कोरा दोरा. अठ्ठावीस दात असतील तर सव्वीस फटी, आणि शेवटच्या दाढांची मागची बाजू विसरू नका, तिथं शेजारी नसतो म्हणून सगळे विसरतात. पहिल्या आठवड्यात मला दहा मिनिटं लागायची, आता अडीच-तीन.

आणि हो, आधी हात धुवा. हळदीच्या पेढीवरचा माणूस आहे म्हणून सांगतो, पहिल्या आठवड्यात माझा दोरा पिवळा निघायचा, मला वाटलं दातांना काविळ झाली का काय, बोटांची हळद होती ती.

रक्त येतंय, थांबवू का?

नको. उलट रक्त येतंय म्हणजेच तिथं थर साचून हिरडी सुजलीय, आणि तो थर काढला नाही तर ती सुजलेलीच राहणार. हळू हातानं रोज केलं की साधारण आठवडा-दोन आठवड्यात कमी होत होत बंद होतं. माझं नवव्या की दहाव्या दिवशी थांबलं. खालच्या पुढच्या दातांत सगळ्यात जास्त यायचं, गुळण्या केल्या की बेसिन गुलाबी. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, खुशाल करा, पण गुळणीनं थर निघत नाही.

दोन आठवडे नीट करून पण येतच असेल, किंवा पू येत असेल, दात हलत असेल, तर मात्र दाखवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरना विचारा. पोटुशी बायकांच्या हिरड्यांतून हार्मोन्समुळं जास्त रक्त येतं, त्यांनी पण बंद न करता दाखवून घ्यावं. आणि एक उलटं पण सांगतो, सिगरेट ओढणाऱ्यांना हिरड्या खराब असून रक्त कमी येतं, कारण सिगरेटनं तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात. माझं तर रक्त येत नाही बघ, असं छाती काढून सांगू नका.

फ्लॉसनं दातात फटी पडतात म्हणे?

नाही पडत. सुजलेली हिरडी फट झाकून बसलेली असते, सूज उतरली की आधीचीच फट दिसायला लागते, आणि नाव दोऱ्याचं खराब होतं.

आधी ब्रश का आधी दोरा?

यावर लोक भांडतात आणि दोन्ही बाजूला अभ्यास आहे, ही गंमत. इराणमध्ये २०१८ साली २५ डेंटलच्या विद्यार्थ्यांवर करून बघितलं, आधी दोरा आणि मग ब्रश केला तर फटीतला थर जास्त निघाला आणि पेस्टमधलं फ्लोराइड पण तिथं जास्त राहिलं. सरळ आहे, आधी कचरा हलवला, मग पाणी मारलं. पण इंग्लंडमध्ये २०१३ साली पन्नास जणांवर झालेल्या अभ्यासात प्रश्न वेगळा होता, सवय कोणाची टिकते. तर ज्यांना ब्रशनंतर दोरा करायला सांगितलं त्यांची सवय आठ महिन्यांनी जास्त पक्की निघाली. कारण ब्रश करणं अंगात मुरलेलं असतं, ते संपलं की हात आपोआप पुढच्या कामाला जातो.

माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने ब्रशनंतर करा, सवय लागली की खुशाल आधी करा. आणि क्रमावरून वाद घालत दोन्ही सोडून देणारे पण बघितलेत मी.

सवयच लागत नाही हो. दोन दिवस करतो, तिसऱ्या दिवशी विसरतो. काय करू?

खरा प्रश्न हा. बाकी सगळं दोन मिनिटात शिकता येतं.

माझं सांगतो. रूट कॅनल झालं, भीती बसली, त्याच संध्याकाळी डबी आणली. मनात मी रोज फ्लॉस करणारा माणूस झालो होतो. कोणी विचारलं की म्हणायचो, हो हो, करतो की रोज. मग एका रविवारी बाथरूमच्या वरच्या कप्प्यात काहीतरी शोधताना ती डबी हातात आली आणि पाठीमागचा पन्नास मीटरचा आकडा दिसला. हिशेबाचा माणूस, डोक्यात भागाकार झालाच. १११ दिवसांत संपायला पाहिजे होती. आणून सात महिने झालेले आणि डबी अर्ध्याच्या वर भरलेली. स्टॉक जुळेना! पेढीवर एवढी तफावत निघाली असती तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मी खोटं बोलत होतो असं पण नाही, मला खरंच वाटत होतं की जवळजवळ रोज करतो.

तेव्हा बसून विचार केला की ब्रश का चुकत नाही आणि दोरा का चुकतो. आळस म्हणावा तर ब्रशला पण आळस यायला पाहिजे. फरक एवढाच की ब्रश बेसिनवरच्या ग्लासात डोळ्यासमोर उभा असतो आणि डबी वरच्या कप्प्यात, कोलगेटच्या जादा ट्यूबच्या मागं. रात्री अकराला दमलेला माणूस हात वर करून कप्पा उघडत नाही. म्हणून डबी खाली आणली आणि त्याच ग्लासात ठेवली, ब्रश काढायचा तर डबी बाजूला करावी लागेल अशी. निम्मं काम तिथंच झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे फक्त एक दात. अमेरिकेत स्टॅनफर्डला बी. जे. फॉग म्हणून सवयींवर काम करणारे आहेत, त्यांचा हा सल्ला प्रसिद्ध आहे, की ब्रश झाला की एकाच दाताला फ्लॉस करा. ऐकल्यावर येड्यासारखं वाटतं, एका दातानं काय होतंय. पण डोकं "आता सव्वीस फटी कोण करत बसणार" म्हणून कारणं काढत असतं ना, त्याला कारणच मिळत नाही. एक दात करायला पाच सेकंद. आणि दोरा तोडलाय, बोटाला गुंडाळलाय, तर माणूस एकावर थांबतो होय? जोंधळ्याच्या हुरड्याला एक मूठ म्हणून बसतो तसं होतं. पण अट ही की ज्या दिवशी खरंच एकच केला त्या दिवशी पण झालं असंच धरायचं, स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत.

तिसरी माझी स्वतःची युक्ती, कुठं वाचलेली नाही. डबी उघडली की त्यावर पेनानं तारीख लिहायची. रोज कॅलेंडरवर फुल्या मारायला मला जमत नाही, ते पण एक कामच होऊन बसतं. डबी संपली की तारखेवरून दिवस मोजायचे आणि १११ शी टॅली करायचं. वर्षातनं तीनदा हिशेब, बास.

घरातल्यांना कशी लावायची? बोलून थकलो.

बोलू नका. मी बोलून घरात दोन महिने नुसती कटकट केली, पोरगा तर माझ्यासमोर मुद्दाम झोपायला निघून जायचा.

आमच्या आण्णांचं सांगतो. वय ७२, रात्री जेवण झालं की बीपीची गोळी घेतात, ती कधी चुकत नाही, आठवड्याची खणाखणाची डबी आहे त्यांची. मी काही न बोलता त्या डबीवर एक फ्लॉसची काडी ठेवायला लागलो. पहिले चार दिवस ती काडी तशीच बाजूला ठेवलेली मिळायची. पाचव्या दिवशी कणीस खाल्लेलं होतं, सालं अडकलेली, त्यांनी काडी घेतली, खिडकीशी उजेडाला जाऊन दाढेत घातली, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन मला काडी दाखवत म्हणाले, "हे बघ, काय काय निघतंय." नंतर हळूच वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्या वासानं जे काम केलं ते माझ्या दोन महिन्यांच्या भाषणानं झालं नव्हतं. आता काडी ठेवायला विसरलो तर हाक मारतात.

बायकोचं वेगळंच आहे, ती बेसिनपाशी करतच नाही, रात्रीची सिरीयल बघताना जाहिराती लागल्या की करते. आरसा लागतच नाही म्हणते. मला नाही जमत, पण तिचा एक दिवस चुकत नाही, म्हणून मी गप्प.

२१ दिवसांत सवय लागते ना?

ते २१ चं प्रकरण असं आहे की अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं, पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं "किमान" लोकांनी गाळलं आणि चेहरा पण गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्यांनी ९६ लोकांवर बघितलं, २०१० साली छापून आलं, तर सरासरी ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ आणि कोणाला २५४ लागतील असा तो हिशेब होता. म्हणजे महिन्यात नाही लागली म्हणून आपल्यात खोट आहे असं काही नाही.

मधेच एखादा दिवस चुकला तर?

काही होत नाही. त्याच अभ्यासात निघालं की एखादा खाडा पडल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी डबल करायची पण गरज नाही. लग्नं, जत्रा, गावाकडची कामं, खाडे पडणारच. मी पाकिटात दोन काड्या ठेवतो, एसटीत किंवा पाव्हण्याकडं उपयोगी पडतात. फक्त सलग दोन-तीन दिवस गेले तर सावध व्हा, माझं सात महिन्यांचं प्रकरण तसंच झालं होतं.

सकाळी केलं तर चालेल का?

चालेल. रात्री बरं एवढ्यासाठी की झोपेत लाळ कमी सुटते आणि दिवसभराचं खाल्लेलं रात्रभर तिथंच बसतं. पण रात्री होतच नसेल तर सकाळी करा, नाहीतर दुपारी करा.

आपल्या खाण्यात दातात सगळ्यात जास्त काय अडकतं?

भडंग, नंबर एक. सांगलीत राहून भडंग खायचं नाही असं तर होणार नाही, पण त्यातल्या शेंगदाण्याचं पातळ लाल साल दाढेच्या फटीत असं उभं जाऊन बसतं की जीभ दोन तास तिथंच. मग उसाची चोयटी, कणसाची सालं, मटणाचे धागे, मेथीचे दांडे. पण अडकलेलं कळतं तरी. बेदाणे कळत नाहीत, तासगावचे बेदाणे म्हणजे नुसती साखर, चिकटून बसतात आणि जाणवत पण नाहीत, पोरांना येता-जाता मूठ-मूठ देतो आपण.

एकाच फटीत रोज अडकत असेल, किंवा एकाच जागी दोरा रोज फाटून त्याचे धागे निघत असतील, तर तिथं कीड, फुटलेली फिलिंग किंवा किटण असायची शक्यता आहे. दोऱ्याचा ब्रँड बदलत बसू नका, दाखवून या.

पोरांना कधीपासून?

दोन दात एकमेकाला टेकले की. आठ-दहा वर्षांपर्यंत आपणच करून द्यावं लागतं, त्यांच्या बोटात तेवढी सफाई नसते. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडू नका, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि तोवर किडल्या तर रात्री दोनला पोर आणि आपण दोघं जागे.

तारा लावल्यात, कॅप आहे, ब्रिज आहे, मग?

तारेच्या खालून दोरा ओवायला प्लास्टिकची सुई मिळते, किंवा एक टोक कडक केलेला दोरा मिळतो, त्याला सुपर फ्लॉस म्हणतात. आमच्याकडं पोतं शिवायला दाभण असतंय ना, तसं. ब्रिजच्या खालून पण तोच जातो. एकट्या कॅपला साधा दोरा चालतो.

दातांच्या फटीत पाण्याची धार मारायची मशीन मिळते, ती घेतली तर दोरा सुटेल का?

तारा, ब्रिज, इम्प्लांट असणाऱ्यांना चांगली आहे, रक्त येणं पण कमी होतं. चिकटलेला थर मात्र घासूनच नीट निघतो. फटी मोठ्या असतील तर बारीक बाटली-ब्रशसारखे ब्रश मिळतात, मापाचे, ते दोऱ्यापेक्षा बरे पडतात, माप डेंटिस्टकडून घ्या. मशीनला माझी एकच हरकत, ती चार्ज करावी लागते, भरावी लागते, म्हणजे न करायला दोन कारणं वाढली.

फ्लॉसचा उपयोग सिद्धच झालेला नाही असं मधे आलं होतं की.

आलं होतं, २०१६ साली. अमेरिकेतल्या एका वृत्तसंस्थेनं सरकारला पुरावा विचारला, आणि सरकारच्या आहाराच्या सल्ल्यांतून फ्लॉसचा उल्लेख गेलेला होता. लोकांनी त्याचा अर्थ फ्लॉस निरुपयोगी असा लावला. खरं तर चांगले, लांब मुदतीचे अभ्यासच कमी झालेत. कॉक्रेन म्हणून वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी एक संस्था आहे, त्यांनी २०१९ साली ३५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात ब्रशला दोऱ्याची जोड दिली तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते असं निघालं, पण पुरावा कच्चा आहे हे पण त्यांनीच लिहिलंय. किडीवर काय परिणाम होतो हे तर नीट मोजलेलंच नाही. मला माझ्या दोऱ्याचा वास पुरेसा पुरावा आहे, ज्याला नाही त्याच्याशी मी भांडत नाही.

घरात मिश्री लावतात, त्यांनी काय करावं?

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दात घासायची पावडर नाही ती. माझी मावशी चाळीस वर्षं लावते, हिरड्या मागं सरकून दातांची मुळं उघडी पडलीत, आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते, तो निकोटिनचा खेळ आहे. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे सगळ्यांना माहीतच आहे. अशा घरात दोऱ्याआधी मिश्री सोडवायचं बघा, आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा.

शुगर आहे, काही वेगळं?

शुगर असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात राहायला त्रास होतो, दोन्हीकडून मार आहे. तुम्हीच सगळ्यात आधी सुरू करा, आणि पायाची तपासणी करता तशी तोंडाची पण वर्षातनं करून घ्या.

वापरलेला दोरा धुवून परत वापरला तर?

शी. आणि संडासात पण टाकू नका, नायलॉन कुजत नाही, गुंता होऊन पाइप तुंबतो. कचऱ्याच्या डब्यात.

तुम्ही स्वतः आता खरंच रोज करता का?

मागच्या डबीचा हिशेब सांगतो. तारीख लिहिलेली होती, १११ दिवसांत संपायला पाहिजे होती, १२४ व्या दिवशी संपली. म्हणजे तेरा खाडे. त्यातले सहा फेब्रुवारी-मार्चमधले, नवी हळद आली की सौदे आणि हिशेबाच्या पट्ट्या उरकता उरकता रात्रीचे बारा वाजतात आणि मी तसाच आडवा होतो. तीन मेव्हण्याच्या लग्नातले. चारांचा पत्ता लागत नाही. त्याच्या आधीची डबी मात्र ८० दिवसांतच संपली होती, मी खूश, बायकोला पण दाखवली, मग कळलं पोरानं शाळेच्या प्रोजेक्टला आयर्विन पूल केला होता आणि पुलाखाली टांगलेल्या होड्या त्याच दोऱ्यानं बांधल्यात.